मेंढी ते मफलर

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांना कार्यकर्त्यांची वाण कधीच पडत नाही, पडते ती कार्याची. आमच्या जबलपुरातला मराठी माणूस गन कॅरेज फॅक्टरीतून, खमरियाच्या ऑर्डनन्समधून, रेल्वेतून, हायकोर्टातून, नाही तर विद्युत मंडळातून निवृत्त होतो आणि निरोपसमारंभाचा हार सुकायच्या आत आमच्या मंडळात येऊन बसतो. उभा जन्म तोफांचे सुटे भाग मोजण्यात गेलेला हा माणूस. गणपतीचे दहा दिवस, कोजागरीचं दूध, दत्तजयंतीचा प्रसाद आणि संक्रांतीचं हळदीकुंकू एवढ्यावर त्याचं वर्ष कसं निघणार? हळदीकुंकवात तर त्याला खुर्च्या लावून बाहेर जावं लागतं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ च्या अखेरीस इथून उठला आणि इंग्रज आले, ही बातमी आमच्या कार्यकारिणीतल्या काही मंडळींना अजून रीतसर कळवलेली नसावी. राज्य गेलं, फौज गेली, पण मोहिमेची खाज काही गेली नाही.

लोकरमेळ्याची मोहीम मेरीलँडहून आली. आमच्या सचिव काकूंचा मुलगा तिथं असतो. तिथं मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी मेंढ्यांचा आणि लोकरीचा मोठा मेळा भरतो. १९७४ पासून भरतोय आणि सगळा कारभार स्वयंसेवक बघतात. त्यात एक स्पर्धा असते. एका पथकानं मेंढी कातरायची, लोकर पिंजायची, सूत काढायचं आणि तीन तासांच्या आत त्याची शाल विणून दाखवायची. मुलानं त्याचा व्हिडिओ आईला पाठवला, आईनं पहाटे पाचला तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि सकाळचा चहा होईपर्यंत आमच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, ‘‘हे आपल्याकडे होऊन जाईल.’’ जबलपूरच्या मराठीत ‘होऊन जाईल’ याचा अर्थ एवढाच घ्यायचा की करणारा माणूस अजून ठरलेला नाही.

पहिल्या बैठकीत मेंढ्यांचा विषय निघालाच नाही. आधी समित्या झाल्या. स्वागत समिती, मंडप समिती, भोजन समिती, वाहनतळ समिती आणि अर्थातच स्मरणिका समिती. स्मरणिका समिती आमच्याकडे कायमची असते, निमित्त तेवढं बदलतं. जाहिराती त्याच, शुभेच्छा त्याच, आतला एखादा लेखही तोच. पोहे संपत आल्यावर मागच्या रांगेतून कुणी तरी विचारलं, ‘‘आणि मेंढ्या कोण आणणार?’’ त्याबरोबर सगळ्यांना चहाची आठवण झाली. शेवटी ते काम युवा आघाडीकडे गेलं. आमच्या मंडळाची युवा आघाडी म्हणजे एकच गृहस्थ, वय ५४, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ‘‘काय बड्डे, करून टाकशील ना?’’ या शहरात ‘बड्डे’, म्हणजे दादा, म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही.

खरी लढाई तारखेवर झाली. मेरीलँडची तारीख तशीच उचलावी असा एक प्रस्ताव होता, पण मे महिन्यात इथला पारा ४३-४४ अंशांवर असतो. त्या दिवसांत लोकर नुसती डोळ्यांनी पाहिली तरी घामोळं येतं. दुसऱ्या काकांनी सांगितलं की न्यूयॉर्क राज्यात ऱ्हाइनबेक म्हणून गाव आहे, तिथला मेळा ऑक्टोबरात असतो, तर आपणही ऑक्टोबर धरू. ऑक्टोबरात जबलपुरात नवरात्र, दुर्गापूजेचे मंडप, गोविंदगंजची दीडशे वर्षांहून जुनी रामलीला आणि लगेच दिवाळी. रावणाशी स्पर्धा करायची तयारी आमच्या स्वागत समितीनंसुद्धा दाखवली नाही. नोव्हेंबरात तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. डिसेंबर मात्र सर्वांना पसंत पडला. थंडी असते, घराघरांतून कानटोप्या निघालेल्या असतात आणि तिबेटी लोकांचा स्वेटरबाजारही लागलेला असतो. टाळ्या पडणार एवढ्यात डॉक्टर उठले.

हे डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. जबलपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ चं, त्याचं २००९ साली विद्यापीठ झालं आणि पुढं त्याला नानाजी देशमुखांचं नाव मिळालं. नानाजी मूळचे हिंगोलीकडच्या कडोळीचे, त्यामुळे आमचं मंडळ त्या अख्ख्या विद्यापीठाकडे घरचं कार्य असल्याच्या नजरेनं बघतं. डॉक्टर तिथूनच निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘‘डिसेंबरात मेंढी कातरता? उद्या पहाटे तुमचा कोट आणि स्वेटर काढून घेऊन मी तुम्हाला भेडाघाटला धुवांधार धबधब्यासमोर उभं करतो. मग आपण तारखेवर बोलू.’’

सभा गार पडली. थंडीत लोकर मेंढीला लागते आणि उन्हाळ्यात ती कुणालाच लागत नाही, हे त्या दिवशी आम्हाला प्रथमच कळलं. अध्यक्षांनी सोय सुचवली की न कातरता नुसतं दाखवावं. ‘‘मग त्याला मेळा कशाला म्हणता, वधूपरीक्षा म्हणा,’’ असं सचिव काकू म्हणाल्या.

एका ज्येष्ठ सभासदांनी ३१ मे सुचवली. अहिल्यादेवींची जयंती. होळकरांचं घराणं धनगरांचं, चौंडीच्या या लेकीचा जन्म १७२५ चा, त्यामुळे औचित्य बिनतोड होतं. पण पारा तोच होता आणि शिवाय इंदूरचा प्रश्न होता. अहिल्यादेवींचं नाव घेतलं की इंदूरवाले श्रेय घेणार, ही भीती. १९५६ साली मध्य प्रदेश झाला तेव्हा राजधानी भोपाळला गेली आणि आम्हाला हायकोर्ट मिळालं. तेव्हापासून जबलपूरकर भोपाळशी बोलत नाही आणि इंदूरकडे बघत नाही. ठराव बारगळला. अखेर डॉक्टरांनीच तोड काढली. फेब्रुवारीची अखेर, थंडी सरताना कातरणीचा हंगाम असतोच, तो शेवटचा रविवार धरा. मुलांच्या परीक्षा तोंडावर येतात हे लक्षात आलं, पण मंडळात मुलं येतच नसल्यामुळे त्याची नोंद इतिवृत्तात झाली नाही.

आता मेंढ्या. जबलपूरच्या आसपास शेळ्या पैशाला पासरी, मेंढी मात्र शोधावी लागते. युवा आघाडी स्कूटरवरून बरगीच्या बाजूला गेली, पाटणच्या बाजूला गेली आणि एका संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. ‘मिळाली!’ ग्रुपवर पुष्पगुच्छांचा पाऊस पडला. अध्यक्षांनी ‘जय महाराष्ट्र’ लिहिलं. तासाभरानं डॉक्टरांनी विचारलं, ‘शेपटी कशी आहे?’ फोटो तोंडाचा होता. शेपटी वर ती शेळी आणि खाली लोंबती ती मेंढी, असा ढोबळ नियम डॉक्टरांनी सांगितला. यावर रात्री साडेअकरापर्यंत चर्चा झाली. विद्युत मंडळातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी फोटो मोठा करून कानांच्या कोनावरून ती मेंढीच आहे असं सिद्ध केलं. सकाळी दुसरा फोटो आला. शेपटी ताठ वर होती. अभियंता साहेब त्यानंतर बरेच दिवस ग्रुपवर फक्त सुप्रभात म्हणत होते.

ज्या शहरानं १९३९ साली त्रिपुरी काँग्रेसला ५२ हत्ती जमवले, त्या शहरात आम्हाला पाच मेंढ्या मिळेनात. ते अधिवेशन बावन्नावं, म्हणून हत्ती ५२. अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषबाबू तापानं फणफणले होते, तर त्यांची तसबीर ठेवून मिरवणूक निघाली. त्याची आठवण म्हणून कमानिया गेट अजून उभं आहे. माझा आपला अंदाज असा की ते हत्ती जमवणाऱ्यांत स्मरणिका समिती नसावी.

याच सुमारास इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकांनी बैठकीत एक गाठोडं सोडलं. लोकरीचं आणि जबलपूरचं नातं फार जुनं आहे, म्हणाले. स्लीमनसाहेबानं ठगांचा बंदोबस्त केला, तो इथूनच. कटनीजवळचं स्लीमनाबाद त्याच्याच नावाचं. जे ठग माफीचे साक्षीदार झाले त्यांना आणि त्यांच्या पोराबाळांना पोटाला काही तरी धंदा हवा, म्हणून १८३७-३८ च्या सुमारास जबलपुरात एक उद्योगशाळा निघाली. तिथं हे लोक तंबू बनवायला आणि गालिचे विणायला शिकले. वाटसरूच्या गळ्याभोवती रुमाल आवळण्यात हयात गेलेली बोटं पुढं गालिच्याच्या विणीत रमली, आणि माल चांगला खपत होता.

‘‘म्हणजे आपल्या मेळ्याचं प्रेरणास्थान ठग?’’ सचिव काकूंनी विचारलं.

‘‘स्मरणिकेत ‘स्थानिक कारागीर’ असं छापू,’’ अध्यक्ष म्हणाले.

मंडप समितीचे प्रमुख तोवर मंडपवाल्याचा दर घेऊन आले होते. त्यांनी तो वाचून दाखवला आणि तंबूंची परंपरा इथं अखंड चालू असल्याबद्दल प्राध्यापकांची खात्री पटली.

या सगळ्या गडबडीत एक व्यक्ती गप्प होती. आमच्या कोषाध्यक्षांची धाकटी सून, माहेर हातकणंगल्याकडचं. एकदा ती म्हणाली, ‘‘लोकरीची जत्रा आमच्याकडे असते की, पट्टणकोडोलीला.’’ कोषाध्यक्ष म्हणाले, ‘‘पाटण ना? ते आपल्याच जिल्ह्यात आहे, बसनं जाऊन येऊ.’’ तिनं सासऱ्यांकडे दुर्लक्ष करून सांगायला सुरुवात केली आणि त्या संध्याकाळी प्रथमच बैठकीत कुणी मध्ये बोललं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावी विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दसरा-दिवाळीच्या मध्ये भरते. धनगर समाज महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, आंध्रातून लोटतो. भंडाऱ्यानं माणसं, रस्ते, देवळं सगळं पिवळं होतं आणि भंडाऱ्याबरोबर खोबरं, खारीक आणि लोकर उधळतात. हो, लोकर. सोलापूरकडच्या अंजनगावहून देवाचे मानकरी फरांडेबाबा पायी चालत येतात, हातात तलवार घेऊन हेडाम नाच खेळतात आणि मग भाकणूक सांगतात. पाऊस किती, पीक कसं, महागाई काय करणार. लाखो लोक ती ऐकायला उभे असतात.

‘‘आणि निमंत्रणं कोण पाठवतं?’’ स्वागत समितीनं विचारलं.

‘‘कुणीच नाही,’’ ती म्हणाली.

‘‘मग येतात कसे?’’

‘‘येतात.’’

स्वागत समितीच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडे दोन वेळा छापील पत्र, एकदा फोन आणि आदल्या दिवशी ग्रुपवर आठवण एवढं करूनही माणसं जेवायच्या वेळेलाच उगवतात.

मग तिनं घरून आणलेलं घोंगडं उलगडलं. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीचं, सनगरानं खड्ड्याच्या मागावर विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं. नवं घोंगडं कसं ताठ असतं ते सर्वांनी हात लावून पाहिलं. ‘‘टोचतंय,’’ असा सर्वानुमते अभिप्राय पडला. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मऊ असते, तिला जावळ म्हणतात, त्याचं घोंगडं टोचत नाही, असंही तिनं सांगितलं. पण आता या लोकरीला गिऱ्हाईकच नाही. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकर विकून सुटत नाही, तेव्हा मेंढपाळ पदरचे पैसे घालून मेंढ्या कातरतो आणि लोकर कित्येकदा तशीच टाकून देतो. आपले गिरणीवाले ऑस्ट्रेलियाची मऊ मेरिनो मागवतात. डॉक्टरांनी माहिती पुरवली की म्हणूनच फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत उतरवला. लोकरीत पैसा नाही म्हटल्यावर कोकरं वाढवा, म्हणजे…

डॉक्टर थांबले. म्हणजे काय ते सर्वांना कळलं. भोजन समितीच्या यादीत पोहे, मुगाचे मंगोडे आणि खव्याची जिलबी होती. मेंढीच्या मेळ्यात मेंढीचं पुढं काय होतं हा प्रश्न तिथं कुणी उघड विचारला नाही. बैठक सुटल्यावर मात्र तीन-चार जणांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन रश्श्याची चौकशी केली.

मेंढ्या अखेर मिळाल्या. शहराबाहेर तळ टाकलेला एक गडरिया कोषाध्यक्षांच्या सुनेनंच शोधून काढला. भाजीवालीला विचारून. चाळीसेक मेंढ्या, दोन कुत्री आणि ते स्वतः असे आदल्या संध्याकाळीच मंडळाच्या मैदानावर दाखल झाले. युवा आघाडीनं पाचच मागितल्या होत्या. ‘‘पाँच अलग नहीं चलतीं बाबूजी,’’ गडरिया दादा म्हणाले. ‘‘चलेंगी तो सब चलेंगी, नहीं तो एक भी नहीं।’’ आमच्या कार्यकारिणीला मेंढीचा हा गुण फार आवडला.

मेळा साडेदहाला होता, म्हणून बारा वाजता सुरू झाला. प्रमुख पाहुणे शेळीपालनाच्या सरकारी योजनांवर बोलले. डॉक्टर अस्वस्थ होऊन शेपटीबद्दल काही सांगायला उठत होते, त्यांना दोघांनी खाली बसवलं. विणकामाच्या प्रदर्शनात गर्दी चांगली होती. पन्नास वर्षांपूर्वीचे, कानपूरच्या लाल इमलीच्या लोकरीतले स्वेटर पेट्यांतून बाहेर आले होते आणि डांबरगोळ्यांच्या वासानं अर्धा मंडप भावुक झाला होता. बाकीचं सारं अॅक्रिलिक. तिबेटी बाजारातलं लुधियानाचं अॅक्रिलिक, काकूंच्या पिशवीतल्या गुंड्यांचं अॅक्रिलिक. ज्याला आपण घरोघर बिनदिक्कत लोकर म्हणतो ते मेंढीच्या नव्हे, खनिज तेलाच्या पोटचं आहे, असा एक तक्ता डॉक्टरांनी लावला होता. काकूंनी त्यावर ‘हात लावू नये’ असं लिहिलेला दुसरा तक्ता लावला.

मग स्पर्धा. मेंढी ते मफलर, वेळ तीन तास, पथकं चार. गडरिया दादांनी कातर घेतली आणि बोलता बोलता मेंढी उघडी केली. पुढचं सगळं आमच्याकडे होतं. एका पथकात लोकर आधी धुवावी की आधी पिंजावी यावर मतदान झालं. दुसऱ्यात गांधीवादी आजोबांनी चरखा काढला, पण त्यांना कापसाची सवय. लोकरीचा पेळू हातात आल्यावर त्यांनी तिला चार खडे बोल सुनावले. तिसऱ्या पथकानं शाळेतल्या टकळीच्या आठवणी सांगण्यात पहिला तास काढला. चौथ्यात कोषाध्यक्षांची सून एकटी होती, कारण तिच्या पथकातल्या बाकीच्या जिलबीच्या रांगेत होत्या. तीन तासांनी तिच्या सुयांवर चार बोटं रुंद आणि वीतभर लांब असं काही तरी तयार झालं. त्याला मफलर म्हणावं असा मुद्दा निघाला, परीक्षकांनी गळे मोजले आणि अखेर ‘चष्म्याचं घर’ म्हणून पहिलं बक्षीस दिलं. बाकीच्या पथकांना उत्तेजनार्थ.

कातरलेल्या मेंढीला संध्याकाळचा वारा लागू नये, म्हणून एका काकूंनी तिच्यासाठी खास स्वेटर विणून आणला होता. राणी रंगाचा, दोन सुलट दोन उलट, पुढून गुंड्या. गडरिया दादांनी तो तिला घालू दिला. म्हणजे स्वतःची लोकर आम्हाला देऊन ती मेंढी अॅक्रिलिक घालून कळपात परतली. कळपानं तिला काही वेळ ओळख दाखवली नाही.

खरा पेच दुसऱ्या दिवशी पहाटे पडला. कळप मैदानावर दोन रात्री बसला होता आणि मैदानाचा रंग बदलला होता. कोषाध्यक्षांनी साफसफाईचा खर्च गडरिया दादांच्या मानधनातून कापायचा असं ठरवून वही उघडली. दादांनी शांतपणे बिडी विझवली आणि उलट पैसे मागितले. खेतवाले मेंढ्या बसवायला त्यांना रात्रीचे पैसे देतात, वर धान्य देतात. लेंड्या म्हणजे सोनं. दोन रात्रींचं सोनं त्यांनी मंडळाच्या जमिनीत टाकलं होतं. कोषाध्यक्षांनी डॉक्टरांकडे पाहिलं. ‘‘बरोबर बोलतोय तो,’’ डॉक्टर म्हणाले.

एवढा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यावर अध्यक्षांना उठवून फोन करावा लागला. स्वागत म्हणावं, भोजन म्हणावं की भोजनोत्तर म्हणावं? तेवढ्यात ‘मैदानावर खत आहे’ अशी बातमी सुनेनं ग्रुपवर टाकली. गुलाब आणि कढीपत्ता लावणारी घरं आमच्यात कमी नाहीत. राइट टाउनहून, नेपियर टाउनहून, सदरवरून एकेक स्कूटर यायला लागली. वाहनतळ समिती, मंडप समिती, काल बाराला आलेली स्वागत समिती, सगळे सकाळी सहाला घमेली आणि पोती घेऊन हजर. मंडळाच्या कार्याला वेळेवर आलेले कार्यकर्ते मी तेव्हाच प्रथम पाहिले. कोषाध्यक्ष फाटकात खुर्ची टाकून बसले आणि पोत्यामागे पावती फाडू लागले. अभियंता साहेबांनी तिथंही हे लेंडीखत शेळीचं नाही कशावरून, असा मुद्दा काढला. त्यांना सांगितलं, पोतं खाली ठेवा आणि मग बोला. त्यांनी पोतं काही ठेवलं नाही.